भेटीवर नाव कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय नेमून दिला तो असा : निरनिराळ्या पंथांची चर्च एकत्र येऊन वस्तीतल्या तरुण मुलांसाठी आणि कैद्यांच्या घरच्या माणसांसाठी काय करतात, ते सांगा. विषय सांगून झाल्यावर त्यांनीच मला विचारले, "पण बाई, तुमची सगळी चर्च एकच ना? मग एकत्र यायचे ते काय राहिले?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून आधी त्याचे उत्तर देते.

आम्ही ख्रिस्ती लोक एका येशूला मानतो हे खरे. पण त्याला मानण्याच्या तऱ्हा आमच्यात काही थोड्या नाहीत. रोमन कॅथलिक निराळे, अँग्लिकन निराळे, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट निराळे. लहान मुलाचा बाप्तिस्मा करावा की मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करील तेव्हा करावा, एवढ्या एका प्रश्नावर शतकानुशतके वाद झाले आहेत. आपल्या उत्तर हिंदुस्थानातल्या सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एक व्हायचे ठरवले. त्यांची पहिली बोलणी १९२९ साली लखनौला झाली. प्रत्यक्षात त्या एक झाल्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरात. 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ती हीच. मधे एकेचाळीस वर्षे गेली! बाप्तिस्म्याच्या वादावर तोड काय काढली, तर दोन्ही रीती चालतील. आमच्या घरी वडीलधारी माणसे म्हणत, हे पहिल्याच वर्षी सुचले असते तर एवढी चहा-बिस्किटे वाचली असती. असो. मोठ्या माणसांच्या अडचणीही मोठ्या असतात.

सांगायचे ते हे, की तत्त्वांच्या गोष्टी बोलायला बसले की आम्हाला चाळीस वर्षे लागतात. पण कुणाच्या तरी लेकराला सदरा शिवायचा आहे असे म्हटले की तीच माणसे एका संध्याकाळी एका सतरंजीवर येऊन बसतात. निदान बायका तरी बसतात. याला जुना दाखला आहे.

इंग्लंडात एलिझाबेथ फ्राय नावाची एक बाई होऊन गेली. ती क्वेकर पंथाची. १८१३ साली ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांच्या बराकीत गेली. आत शेकडो बायका आणि त्यांची तान्ही मुले दाटीवाटीने कोंबलेली. निजायला फरशी, थंडी मरणाची. पहिल्या खेपेला तिने काय नेले, तर तान्ह्या मुलांसाठी गरम कपडे. पुढे तिने त्या आयांना विचारले, तुमच्या मुलांसाठी इथेच शाळा काढली तर चालेल का? मला या बाईचे सर्वांत मोठे कौतुक वाटते ते या विचारण्याचे. आयांनी होकार दिला आणि शिक्षिका आपल्यातूनच निवडली. घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा झालेली एक तरुण मुलगी त्या शाळेची पहिली बाई झाली. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे शाळेत बाई होते, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा मला फार बरे वाटले.

१८१७ साली फ्रायबाईंनी या कामासाठी बायकांचे एक मंडळ काढले. सभासद किती? बारा. त्यांतल्या अकरा क्वेकर आणि एक पाद्रीसाहेबांची पत्नी. क्वेकर लोकांत पाद्रीच नसतो आणि त्या काळी पाद्री लोकांना क्वेकर म्हणजे विचित्र माणसे वाटत. तेव्हा ती बारावी बाई त्या अकरा जणींत येऊन बसली, हे आज वाटते तेवढे सोपे नसणार. नियम ठरवले तेही कैदी बायकांना वाचून दाखवून, त्यांचे हात वर करवून. शिवण, विणकाम, वाचन सुरू झाले. त्या काळी ज्या बायकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार करीत, त्यांच्या हाती हे मंडळ सुई, दोरा आणि कापडाचे तुकडे देई, म्हणजे महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात हाताला काम राहील. १८४१ साली 'राजा' नावाच्या जहाजावरच्या बायकांनी अशा अडीच हजारांहून अधिक तुकड्यांची एक गोधडी शिवली. ती आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात जपून ठेवलेली आहे. गोधडीवर मंडळाच्या बायकांचे आभार सुईने भरलेले आहेत. पण शिवणाऱ्यांचे एकीचेही नाव नाही. आपल्याकडेही आजीने शिवलेल्या वाकळेवर आजीचे नाव कुठे असते?

आता तरुण मुलांकडे वळते. पुढे १८४४ साली, लंडनलाच, कापडाच्या दुकानांत नोकरी करणारे बारा तरुण एकत्र आले. (बारा हा आकडा आम्हाला मानवतो असे दिसते.) दिवसभर गिऱ्हाइके करायची आणि रात्री दुकानाच्याच माडीवर दाटीने निजायचे, अशी त्यांची नोकरी. संध्याकाळी रिकामा वेळ मिळाला तर जायला गुत्त्याखेरीज जागा नाही. त्यांतला एक जॉर्ज विल्यम्स. ही मुले वेगवेगळ्या चर्चची होती, आणि त्यांनी काढलेली संस्था म्हणजे आपण जिला वाय.एम.सी.ए. म्हणतो ती. मुंबईत ती १८७५ पासून आहे. तुमची नातवंडे शाळेच्या पटांगणात बास्केटबॉल खेळतात ना? तो खेळ १८९१ साली अमेरिकेत वाय.एम.सी.ए.च्याच एका शिक्षकाने, थंडीच्या दिवसांत पोरांना घरात खेळायला काहीतरी हवे म्हणून काढला. चार वर्षांनी व्हॉलीबॉलही तिथूनच निघाला. तरुण मुलाला उपदेश करण्याआधी त्याला बसायला, खेळायला एक उजेडाची जागा द्यावी, ही अक्कल त्या दुकानातल्या नोकरांना होती.

लेकीच्या बाळंतपणाला मी इंग्लंडला गेले होते, तेव्हा आणखी एक गोष्ट पाहिली. शुक्रवार-शनिवारी रात्री तिथली तरुण मुले-मुली नाचायला, प्यायला बाहेर पडतात. रात्री उशिरा स्टेशनाबाहेर निळ्या जाकिटांतली चार-पाच पोक्त माणसे उभी. मला वाटले पोलीस. जावई म्हणाले, नाही, हे 'स्ट्रीट पास्टर्स'. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २००३ साली लेस आयझॅक या पाद्रीसाहेबांनी हे काम सुरू केले आणि आज ते तिथल्या दोनशेहून अधिक गावांत चालते. वेगवेगळ्या चर्चची माणसे मिळूनच त्याचा गट होतो. एकट्या चर्चला तो काढता येत नाही. ही माणसे काय करतात? रस्त्यावरच्या फुटक्या बाटल्या उचलतात. तोल गेलेल्या पोराला पाणी पाजून गाडीत बसवून देतात. आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींना पायांत घालायला रबरी चपला देतात. प्रवचन करायचे नाही, कुणी आपण होऊन विचारले तरच बोलायचे, असा त्यांचा नेम आहे. आपल्याकडे एखादी मुलगी अशा अवस्थेत दिसली असती तर आपण आधी चप्पल दिली असती की आधी तिच्या आईबापांचा उद्धार केला असता, ते तुम्हीच ठरवा.

पण मला आज जास्त बोलायचे आहे ते कैद्यांच्या घरच्यांबद्दल.

शाळेत जूनमध्ये पट भरायचा असतो. 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. मी एकेका मुलाला उभे करून कधी विचारीत नसे, जवळ बोलावून विचारी; कारण काही मुले त्या रकान्यापाशी अडखळतात. कुणी म्हणतो, "बाबा गावाला असतात." कुणी म्हणतो, "दुबईला आहेत." एकाने तर दुबईच्या उंच इमारतींचे वर्णनही करून दाखवले. त्याचे वडील येरवड्याला होते, शाळेपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. आई महिन्यातून एकदोनदा मजुरी बुडवून भेटीला जाई, सकाळपासून रांगेत उभी राही, आणि काचेच्या किंवा जाळीच्या पलीकडच्या माणसाशी काही मिनिटे बोलून परत येई. शिक्षा बापाला झालेली. पण दुकानदाराने उधारी बंद केली ती आईची, घरमालकाने खोली सोडायला सांगितले ते आईला, आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून नाव गळले तेही आईचेच.

आणि शिक्षा झालेली म्हणते, तीही सगळ्यांना झालेली नसते. २०२२ सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. न्यायाधीशांचा निकाल लागायचा असतो. आळीचा निकाल पहिल्याच दिवशी लागतो.

अशा मुलांसाठी अमेरिकेत निघालेल्या एका कामाची गोष्ट सांगते. मेरी के बिअर्ड नावाची बाई. तिजोऱ्या फोडण्याच्या गुन्ह्यांत तिने स्वतः अलाबामा राज्यात सहा वर्षे तुरुंगात काढली होती. नाताळात दानशूर संस्था कैदी बायकांना साबण, दंतमंजन, मोजे अशा वस्तू वाटीत. त्या बायका त्यातले काही वापरीत नसत. सगळे साठवून, कागदात गुंडाळून ठेवीत, आणि मुले भेटीला आली की त्यांच्या हातात देत. मुले ते साबण आणि दंतमंजनाची नळी आनंदाने घेत, कारण ते आईने दिलेले होते. सुटून आल्यावर ही बाई 'प्रिझन फेलोशिप' या संस्थेत कामाला लागली. ही संस्था चार्ल्स कोल्सन यांनी १९७६ साली काढलेली. तेही अध्यक्ष निक्सन यांच्या कचेरीतून वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेले. १९८२ च्या नाताळात तिने अलाबामातल्या बाजाराच्या मोठ्या इमारतींत झाडे उभी केली, आणि त्यांना कागदाचे देवदूत टांगले. मुलींसाठी लाल, मुलांसाठी हिरवे. प्रत्येकावर एका कैद्याच्या मुलाचे नाव आणि त्याला काय हवे ते. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक देवदूत काढून घ्यायचा आणि ती वस्तू आणून द्यायची. पहिल्याच वर्षी साडेपाचशे मुलांना भेटी मिळाल्या. त्याला 'एंजल ट्री' म्हणतात. पुढे गावोगावची निरनिराळ्या पंथांची चर्च त्यात आली आणि ते देशोदेशी पसरले.

या कामातली खरी खुबी कशात आहे? विकत कुणीही आणली असो, मुलाच्या हातात भेट पडते ती बापाची किंवा आईची म्हणून. अर्ज कैद्याने स्वतः भरायचा, मुलाचे माप, आवडनिवड त्याने सांगायची, आणि सोबत त्याने कळवलेला निरोप. घेणाऱ्या मुलाला देणाऱ्याचे नाव कळत नाही. मी इंग्लंडात लेकीच्या गावच्या चर्चच्या दालनात अशा भेटी बांधायला एक संध्याकाळ बसले होते. एका बाजूला कॅथलिक आजीबाई, एका बाजूला मेथडिस्ट शिक्षिका, समोर बॅप्टिस्ट जोडपे. रविवारी ही चौघे तीन दारांनी आत जाणार. पण पुड्यावर यांच्यातल्या एकाही चर्चचे नाव घालायचे नव्हते, त्यामुळे कोणाचे नाव आधी, हा प्रश्नच उद्भवला नाही. मला वाटते, आमच्या एकेचाळीस वर्षांतली निम्मी वर्षे त्या एका प्रश्नातच गेली असावीत.

आपल्या देशातही या प्रकारचे काम आहे. प्रिझन फेलोशिपची शाखा इथे आहे. कॅथलिक मंडळींचे 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' हे काम १९८१ साली केरळात सुरू झाले आणि देशभर पसरले. मुंबईची 'प्रयास' ही संस्था मात्र धर्माची नव्हे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली ती सुरू केली, आणि तुरुंगातल्या स्त्रिया व त्यांची मुले यांच्यासाठी तिने केलेले काम आम्हा सर्वांना धडा घालून देणारे आहे. चर्चवाल्यांनी तिच्याकडे शिकायला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या वस्तीत काय चालते ते सांगते. आपल्याकडे तीन चर्च आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे; तिन्हींच्या दालनांना आठवड्यातले सहा दिवस कुलूप असे. दहावी-बारावीच्या मुलांना घरात एका खोलीत सहा माणसे, टी.व्ही. सुरू, अभ्यास करायचा कुठे? तेव्हा तिघांनी मिळून संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका उघडायची ठरवली. दोन दिवस याच्याकडे, दोन दिवस त्याच्याकडे. ठराव पाच मिनिटांत झाला. विजेचे बिल कोणी भरायचे यावर तीन सभा झाल्या! अखेर आपल्या मंडळाने पंख्यांचा खर्च उचलला, आणि मग पुरुषमंडळींना लाज वाटून दिव्यांचाही निकाल लागला. मागच्या बाजूला कॅरम आणि बुद्धिबळ आहे. पोरे आधी कॅरमला आली आणि मग हळूहळू पुस्तकाकडे वळली. काही अजून वळायची आहेत.

वह्यांचे काम याच अभ्यासिकेतून निघाले. जूनमध्ये कैद्यांच्या मुलांना वह्या, दप्तर, गणवेश द्यायचा. पहिल्या बैठकीत एक जण म्हणाले, छोटासा समारंभ करू, मुलांना व्यासपीठावर बोलावू, फोटो काढू. आपल्या उपाध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, म्हणजे ज्या पोराने दुबई सांगितली आहे त्याने काय करायचे?" समारंभ तिथेच रद्द झाला. मग मी इंग्लंडातली रीत सांगितली. ज्या पाद्रीसाहेबांना कारागृहात जायची परवानगी आहे, त्यांच्यामार्फत बापाला विचारले जाते : मूल कितवीत आहे, काय हवे, काय लिहायचे? एका बापाला मुलगी कितवीत गेली तेच आठवेना. तो तिसरी म्हणाला, ती पाचवीत होती. त्याने पुढच्या खेपेस नीट विचारून घेतले, आणि तेव्हापासून तिच्या चाचणी परीक्षेचे गुणही विचारतो. एकाला लिहिता येत नव्हते. त्याने सोबतच्या कैद्याकडून दोन ओळी लिहवून घेतल्या आणि खाली अंगठा उठवला. मुलाने ती चिठ्ठी दप्तरात ठेवली आहे, आणि अंगठ्यावर पाणी पडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आहे.

काही भगिनींनी मला खाजगीत विचारले, आता उघड उत्तर देते : यात धर्मप्रचार आहे का? अमेरिकेतल्या भेटींबरोबर येशूचा संदेशही दिला जातो, हे मी लपवत नाही. तिथले आईबाप तसे जाणून अर्ज भरतात. आपल्या वस्तीत आम्ही तसे करीत नाही आणि करू नये असे मला वाटते. इथली बहुतेक मुले हिंदू आहेत, काही मुसलमान आहेत. भेट बापाची आहे, आणि बापाच्या भेटीत आम्ही आपले पान कसे घालणार? तिन्ही चर्चमध्ये यावर एकमत नव्हते. एक वडील सभासद अजून माझ्याशी बोलताना घशात आवंढा ठेवून बोलतात. पण वह्या बांधायला ते दर जूनला येतात, आणि गाठ सर्वांत चांगली त्यांचीच बसते.

शेवटी थोडी व्यवहाराची माहिती, कारण वह्यांनी घर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली निकाल दिला आहे, की तुरुंगातल्या आईजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते आणि त्याच्यासाठी पाळणाघर, बालवाडी हवी. सहा वर्षांनंतर ते मूल कुठे जाते, याची चौकशी शेजाऱ्यांनी ठेवली पाहिजे. शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांनाही तिचा आधार मिळू शकतो. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यायचा. पुष्कळ आयांना हे ठाऊकच नसते, आणि ठाऊक असले तरी कचेरीच्या पायऱ्या चढायला धीर होत नाही. आपल्यापैकी एकजण सोबत गेली तरी अर्धे काम होते.

पक्क्या कैद्यांना कामाची मजुरी मिळते, ती ते घरी पाठवू शकतात. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ ला येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली : घरच्या अडचणीसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, तारण नाही, हप्ता तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीच्या फीसाठी आत बसलेला बाप कर्ज काढतो, हे ऐकून मला त्या बँकेचा आदर वाटला. आणि अलीकडे राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' होते. त्या दिवशी मधे काच नाही, जाळी नाही, मुले बापाच्या मांडीवर बसतात. गळाभेट असेल तेव्हा लहान मुलांना नेण्यासाठी सोबत आणि रिक्षाचे भाडे लागते; तेवढे आपल्या मंडळाने पत्करावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे.

या जूनसाठी अकरा मुलांची यादी झाली आहे. बालसंगोपनाच्या अर्जाबरोबर कोणती कागदपत्रे जोडायची ते एका कागदावर लिहून चिटणीसबाईंकडे ठेवले आहे. वह्या बांधायला मेच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीन वाजता यावे. दालन या खेपेस कॅथलिक चर्चचे आहे, दार मागच्या बाजूने. कात्री ज्याने त्याने घरची आणावी. गेल्या वर्षी दोनच होत्या.